मुलीला परत बोलावण्याआधी

सप्रेम नमस्कार.

प्रतापनगरहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. नागपूर विद्यापीठाची अभियांत्रिकीची पदवी घेऊन आपली कन्या सप्टेंबरअखेर मास्टर्ससाठी ड्रेस्डेनला गेली. दीड महिना उलटला तरी खोली तात्पुरतीच आहे, ब्लॉक्ड अकाउंटमधले (व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले आणि दरमहा ठरावीक रकमेने मिळणारे) पैसे हाती आलेले नाहीत, वर्गात काही उमगत नाही आणि फोनवर ती रडते. तिला परत बोलवावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हा निर्णय आत्ता घेऊ नये. तिचा धीर खचला आहे हे खरेच, पण आपण लिहिलेल्या बऱ्याच अडचणींचे मूळ एका अडलेल्या कागदात आहे.

जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगर प्रशासनाच्या कार्यालयात पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. तिच्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो आणि आपल्या कन्येचा मालक नेमकी त्याचीच टाळाटाळ करतो आहे. नोंद रखडली की निवास परवान्याचे काम अडते, अनेक बँका चालू खाते उघडून देत नाहीत, आणि खात्याअभावी ब्लॉक्ड अकाउंटमधून दरमहा मिळायचे ९९२ युरो तसेच पडून राहतात. दाखला देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. तिने तो ईमेलने लेखी मागावा. तरीही न मिळाल्यास नोंदणी कार्यालयाला लगेच तसे कळवावे आणि विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाची मदत घ्यावी.

आणखी एक गोष्ट तिला आजच विचारा: इमारतीतल्या टपालपेटीवर तिचे आडनाव आहे का? आपल्याकडे पोस्टमन शेजारीपाजारी चौकशी करून घर शोधतो. तिथे पेटीवर नाव नसेल तर पत्र सरळ परत जाते, आणि बँकेचे कार्ड, त्याचा पिन, आरोग्य विम्याचे कार्ड हे सारे सहसा टपालानेच येते. मालकाला सांगून त्याच्या नावाखाली कागदाची पट्टी चिकटवली तरी काम भागते.

अभ्यासाचे म्हणाल तर लेक्चर न समजणे पहिल्या सत्रात स्वाभाविक आहे. खरी काळजी परीक्षेच्या नोंदणीची करावी. तिथे बहुतेक विषयांचा निकाल सत्राअखेरच्या परीक्षेवर ठरतो आणि तिची नोंदणी विद्यार्थ्याने स्वतःच, मुदतीत करायची असते. कॉलेज आठवण करून देईल या भरवशावर राहू नये. गुणांत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर उत्तीर्ण, त्यामुळे २.७ आले तर घरात सुतक पाळू नये.

सध्या दोन्हीकडच्या घड्याळांत साडेचार तासांचे अंतर आहे. आपण रात्री साडेनऊला फोन करता तेव्हा तिथे पाच वाजलेले असतात आणि या दिवसांत तोवर अंधार पडलेला असतो. दिवसभराचा शीण घेऊन ती एकटी खोलीत आलेली असते. रविवारी दुकाने बंद असतात, दिवस खायला उठतो. म्हणून रविवारी दुपारी दीडला, तिच्या सकाळी नऊला, निवांत बोला. एरवी थोडक्यात बोला आणि दर फोनला "परत ये" म्हणू नका.

मात्र तिचे जेवण, झोप किंवा खोलीबाहेर पडणेच थांबले असेल, तर परीक्षेची वाट पाहू नये. तिथल्या स्टुडेंटेनवेर्कमध्ये, म्हणजे विद्यार्थी कल्याण संस्थेत, विद्यार्थ्यांना मोफत समुपदेशन मिळते. तिथे जाण्याविषयी तिला आपणच सांगावे, कारण आईवडिलांना काय वाटेल या धास्तीने मुले स्वतःहून जात नाहीत. तसे नसेल, तर परतण्याचा विषय पहिल्या सत्राचे निकाल आल्यावर काढू. ते मला अवश्य पाठवा.