बदलापूरचा मोठा फ्लॅट की डिलाईल रोडची भाड्याची खोली?

तुमचा प्रश्न असा आहे: नोकरी लोअर परळला, घरी आईवडील, बायको आणि तीन वर्षांचा मुलगा. बदलापूरला कर्ज काढून स्वतःचा टू बीएचके घ्यावा, की करी रोड-लालबागकडे लहान खोली भाड्याने घेऊन राहावं?

राहायला बदलापूरला जाऊ नका. फ्लॅट घ्यायचा तर घ्या, भाड्याने द्या, पण स्वतः राहू नका. मी सहा वर्षं राहून हे सांगतोय. त्यातली पाच वर्षं माझे बाबा आमच्याबरोबर होते.

आमची खोली डिलाईल रोडला, करी रोड स्टेशनजवळ, चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. दहा बाय बाराची, पागडीची, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन कायमची भाड्याने घेतलेली. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. खोलीतून निघून गेटवर पोचायला त्यांना आठ मिनिटं लागायची. आठ हा आकडा ते कायम सांगायचे, कारण भोंगा झाला की चपला घालायच्या आणि निघायचं, हे त्यांचं घड्याळ होतं. गिरण्यांच्या आजूबाजूला चाळी उगाच नाही उभ्या राहिल्या. पाळीला माणूस पायी पोचला पाहिजे, हा त्यातला हिशोब होता. १९८२ चा संप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. बाबांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. पुढे ते लालबागला एका कागदाच्या दुकानात लागले, तेही पायीच. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी बांधकामाला खुल्या झाल्या, पुढे तिथे काचेच्या इमारती आल्या, आणि त्यातल्याच एकीत मला अकाउंट्समध्ये नोकरी लागली. बाबांच्या गिरणीपासून दोन गेट पुढे.

म्हणजे माझंही ऑफिस घरापासून आठ-दहा मिनिटांवर होतं. दुपारी जेवायला घरी जायचो. आणि हे सोडून आम्ही बदलापूरला गेलो.

खोली विकायची कल्पना दादाची. आई गेल्यावर त्याने धोशा लावला. मालकाचा हिस्सा देऊन उरेल ते दोघांत वाटून घेऊ, तू लांब का होईना स्वतःचं मोठं घर घे, बाबांना मोकळी हवा मिळेल. "प्रवासाचं काय एवढं, गाडीत झोप काढायची," हे त्याचं वाक्य. दादाचं ऑफिस ठाण्यात होतं आणि त्याच्या वाट्याच्या पैशातून त्याने घरही ठाण्यातच घेतलं. मी त्याला हे तेव्हा बोललो नाही. नंतर बोललो आणि दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं.

२००९ मध्ये मी बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, साडेसहाशे फुटांचा फ्लॅट घेतला. घर सुंदर होतं, हे खरं आहे. दोन खोल्या, गॅलरी, गॅलरीतून डोंगर दिसायचे. पावसाळ्यात ते असे हिरवे व्हायचे की पाहुणे आले की आधी गॅलरीत नेऊन उभे करायचो. बदलापूरला येणारा प्रत्येक माणूस या गॅलरीला फसतो.

आता गाडीत झोप काढण्याबद्दल. बदलापूर लोकल बदलापूरहून सुटते म्हणून बसायला मिळेल असं वाटतं ना? गाडी फलाटाला लागते तेव्हा अलीकडच्या अंबरनाथचे लोक रिटर्न, म्हणजे उलटे बदलापूरला येऊन, आधीच बसलेले असतात. धावत्या गाडीत उडी मारून चौथी सीट, म्हणजे तिघांच्या बाकावर कडेला टेकायची जागा, मिळाली तर नशीब. कल्याणला गाडी भरते, डोंबिवलीला दारातून आत सरकता येत नाही. ग्रुप असेल तर लोक आळीपाळीने उठून जागा देतात, ही माणुसकी मी तिथे पाहिली आणि ती विसरणार नाही. पण ती झोप नव्हे. संध्याकाळी दादरला चढून बसायला मिळणं अशक्य, म्हणून करी रोडहून आधी उलटं व्हीटीला जायचं आणि तिथून बसून यायचं. त्यात वीस-पंचवीस मिनिटं गेली. ती वाचवायची तर दीड तास उभं. मीही कित्येक महिने दारात लटकून आलोय. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याच्या वळणावर दारातली माणसं पडली तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही. त्या वळणावर कोणत्या हाताने काय धरायचं हे मला अजून पाठ आहे.

२०११ मध्ये मी एका वहीत महिनाभर वेळा लिहिल्या. दार ओढलं ती वेळ, गाडी, दादर, गाडी बदलून करी रोड, ऑफिसचं गेट, आणि परत तसंच. वेळापत्रकात बदलापूर ते दादर फास्टला सव्वा तासाच्या आसपास लागतो. माझी सरासरी आली दार ते दार दोन तास पाच मिनिटं. जाऊन-येऊन चार तास दहा मिनिटं. शनिवार चालू, वर्षाला धरा २९० दिवस. बाराशे तास होतात. म्हणजे रात्री धरून पन्नास अख्खे दिवस, दर वर्षी. गणपतीत ठाण्याला गेलो तेव्हा ही वही दादापुढे ठेवली. तो म्हणाला, "वह्या कसल्या लिहितोस, सगळी मुंबई करते." वहिनीने वही घेऊन शेवटपर्यंत वाचली. तिने काही म्हटलं नाही, पण वाचली.

आता बाबांबद्दल. मोकळी हवा त्यांच्यासाठीच होती ना. चाळीत त्यांचा दिवस गॅलरीत जायचा. समोरचे, खालचे, वाण्याकडचे, सगळे चाळीस वर्षांचे ओळखीचे. मांजर्लीत सोसायटीतले सगळे तरुण लोक सकाळी सहा-सातला स्टेशनला आणि रात्री नऊनंतर परत. दिवसभर इमारत रिकामी. बाबांना कोणी माणूस नव्हता. दोन-तीन महिन्यांनी त्यांनी आपणच एक काम काढलं. रात्री साडेआठला जेवण आटोपून स्टेशनला यायचे आणि तिकीट खिडकीजवळच्या पायरीवर बसायचे. मी आलो की दोघं चालत घरी. पंधरा मिनिटं. पावसाळ्यात हातात दोन छत्र्या. माझ्याकडे माझी असायची, हे त्यांना माहीत होतं, तरी दोन.

त्या पाच वर्षांत माझं बाबांशी जे काही बोलणं झालं ते त्या पंधरा मिनिटांत झालं.

२०१२ च्या पावसाळ्यात एक दिवस कुर्ला-सायनकडे रुळांवर पाणी आलं आणि गाड्या थांबल्या. माझी गाडी सायनच्या अलीकडे उभी. मी घरी फोन केला, बायको म्हणाली बाबा स्टेशनला गेलेत आणि मोबाइल चार्जिंगला घरीच आहे. अकरा वाजता मुलीला शेजारी ठेवून ती त्यांना आणायला गेली. ते उठेनात. "तो आला की येतो, तू जा, पोर एकटं आहे." मी दोन वाजून वीस मिनिटांनी उतरलो. बाबा त्याच पायरीवर होते. वय चौऱ्याहत्तर. दोन्ही छत्र्या मांडीवर आडव्या ठेवलेल्या. मला ओरडायचं होतं, पण त्यांनीच आधी विचारलं, "जेवलास का काही?" मग अर्धा रस्ता काहीच बोलले नाहीत. मंदिराच्या वळणावर म्हणाले, "दुसरी पाळी बारा वाजता सुटायची. सव्वाबाराला मी पाटावर बसलेलो असायचो. तुझी आई भाकरी तव्यावर टाकायची ती भोंगा ऐकूनच."

यात तक्रार नव्हती. ते फक्त सांगत होते. मला मात्र त्या दिवसापासून ते घर नकोसं झालं.

लगेच निघालो असतो तर बरं झालं असतं. पण कर्ज होतं, मुलीची शाळा होती, लोक काय म्हणतील हेही होतं. २०१४ मध्ये बाबा गेले. २०१५ मध्ये आम्ही फ्लॅट भाड्याने दिला आणि डिलाईल रोडलाच, आमच्या जुन्या चाळीपासून चार इमारती सोडून, भाड्याने खोली घेतली. सव्वादोनशे फूट, मोरी आत, संडास मजल्यावर. नातेवाइकांनी वेड्यात काढलं. स्वतःचं घर असताना भाडं भरतो म्हणून दादाने चारचौघांत ऐकवलं.

त्याला जो हिशोब दाखवला तोच तुम्हाला देतो, कारण तुमचा प्रश्न खरं तर इथे सुटतो. फ्लॅटचं भाडं यायचं ५,५०० आणि मी भरायचो १५,०००. महिन्याला ९,५०० खिशातून जास्त. चार तास दहा मिनिटांचा प्रवास, दुपारी जेवायला घरी येणं-जाणं धरूनही, चाळीस मिनिटांवर आला, म्हणजे रोज साडेतीन तास वाचले. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर ८४ तास. एका तासाला ११३ रुपये पडले. माझा ऑफिसमधला तासाचा पगार याच्या दुपटीहून जास्त होता. हे आकडे २०१५ चे आहेत, तुम्ही आजचे घाला. पण घाला नक्की, आणि वेळ दार ते दार मोजा, जाहिरातीतली "स्टेशनपासून पाच मिनिटं" धरू नका. टोकन देण्याआधी एक आठवडा बदलापूरला कोणाकडे तरी राहून ऑफिस करा, तेही जुलैत.

मुलगी तेव्हा चौथीत होती. त्या वर्षी मी तिच्या शाळेत पहिल्यांदा पालकसभेला गेलो, तेही ऑफिसमधून अर्ध्या तासाची सुट्टी घेऊन. बाईंनी विचारलं, तुम्ही मुलीचे काका का?

बदलापूर वाईट गाव आहे असं मी म्हणत नाही. ज्यांची नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत, उल्हासनगरला किंवा कल्याणला आहे त्यांनी डोळे मिटून तिथे राहावं. हवा चांगली आहे, माणसं चांगली आहेत, आमच्या शेजाऱ्यांनी बाबांच्या आजारपणात जे केलं ते सख्ख्यांनी केलं नसतं. तुम्हाला आठवड्यात दोनच दिवस ऑफिसला जावं लागत असेल तर माझं सगळं उत्तर बदलतं, तेही तुम्ही लिहिलेलं नाही. बायको नोकरी करत असेल तर तिचाही प्रवास मोजा, कारण घरी आल्यावर तिची दुसरी पाळी सुरू होते.

आणि दादाचा एक मुद्दा बरोबर होता, तो मी त्याला इतक्या वर्षांत कबूल केलेला नाही म्हणून इथे लिहितो. "म्हाताऱ्या माणसाला पहाटे बादली घेऊन संडासच्या रांगेत उभं करणार का?" असं तो विचारायचा. बाबांचे गुडघे शेवटी खरंच गेले होते, आणि चाळीत त्यांना दोन जिने आणि ती रांग झेपली नसती. तेव्हा खोली बघाल तर संडास आत आहे का ते आधी बघा, भाडं दोन-तीन हजार जास्त पडलं तरी चालेल. तळमजला किंवा लिफ्ट. पाणी किती वाजता येतं ते एजंटला नाही, शेजारणीला विचारा.

एक राहिलं. आईवडिलांना आधी विचारा. फ्लॅट दाखवायला नेण्याआधी, गॅलरी दाखवण्याआधी. आमची खोली बाबांच्या नावावर होती, म्हणून कागदांवर सही त्यांची घेतली. कुठे सही करायची ते दादाने बोट ठेवून दाखवलं, पेन मी दिलं. तुम्हाला जायचंय का, हे त्याने विचारलं नाही आणि मीही नाही.