जनुक ‘अभिव्यक्त करतो’ की जनुक प्रकट होते?

प्रश्न असा आहे : जीवाणूंवरच्या एका लेखाचा अनुवाद करताना ‘आडव्या हस्तांतरणातून मिळालेले जनुक जीवाणू अभिव्यक्त करतो’ असे वाक्य झाले (आडवे म्हणजे आईपेशीऐवजी शेजारच्या जीवाणूकडून). ते कानाला खटकते. ‘अभिव्यक्ती’ला पर्याय आहे का?

शब्द चुकीचा मुळीच नाही. अभि + वि + अञ्ज्. डोळ्यांत घालायचे अंजन, वर्णमालेतले व्यंजन आणि चालतीबोलती ‘व्यक्ती’ ही याच धातूची भावंडे. जनुकावरून आरएनए आणि मग बहुधा प्रथिन तयार होते, म्हणजे दडलेले उघड होते. अर्थ चपखल बसतो. अडचण एवढीच की अभिव्यक्तिस्वातंत्र्याने हा शब्द पुरता बळकावलाय. जनुक कविता वाचायला उभे राहिल्यासारखे वाटते. मी ‘प्रकट होणे’ लिहीन, नाम हवे तर ‘प्रकटन’. पेपरातले ‘जाहीर प्रकटन’ आठवले तर आठवू दे.

खरे खटकते ते ‘करतो’. जनुक मिळणे वेगळे आणि ते प्रकट होणे वेगळे. मिळाले की जीवाणू ते लगेच वापरू लागतो असे नाही. उलट साल्मोनेला या जीवाणूत एच-एन-एस नावाचे प्रथिन परक्या डीएनएवर जाऊन बसते. डीएनएच्या अक्षरांतल्या ए-टी जोड्या जास्त दिसल्या की ते तिथे चिकटते आणि जनुक गप्प होते. हे २००६ साली दाखवले गेले. अशा जनुकाला ‘सुप्त’ म्हणू नका. सुप्त म्हणजे आपणहून झोपलेले; हे तर दाबून ठेवलेले आहे. पुढे साल्मोनेला शरीरातल्या जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशीच्या आत पोचला की एसएसआर-बी हे प्रथिन एच-एन-एसचा दाब उठवते. गंमत म्हणजे एसएसआर-बीचे जनुकही बाहेरून आलेलेच!

कधी अडचण दाबाची नसतेच, जनुकाजवळ स्वतःचा ‘प्रवर्तक’ नसतो. (अर्थपुरवणीत प्रवर्तक म्हणजे कंपनी काढणारा, इथे जनुकाची नक्कल जिथून सुरू होते तो डीएनएचा तुकडा.) इंटेग्रॉनमध्ये, म्हणजे बाहेरची जनुके पकडून ठेवणाऱ्या डीएनएच्या भागात, प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके ओळीने बसतात आणि बहुतेकांना एकाच सामाईक प्रवर्तकावर भागवावे लागते. पंगतीत वाढपी पहिल्या पानावर सढळ हाताने वाढतो आणि शेवटच्या पानापर्यंत पातेल्याचा तळ दिसतो, तसेच. प्रवर्तकाजवळचे जनुक जोरात प्रकटते, लांबचे क्षीण. इथे ‘जीवाणू करतो’ म्हणण्यात काय अर्थ?

‘आडवे’ मात्र बदलू नका. आईपेशीकडून लेकीपेशीकडे जाते ते उभे, शेजाऱ्याकडून येते ते आडवे. ‘क्षैतिज’ पाठ्यपुस्तकात ठीक. ‘समांतर’ साफ चूक.

तुमचे वाक्य मी असे करीन : ‘आडव्या हस्तांतरणातून आलेले जनुक जीवाणूत प्रकट होतेच असे नाही, त्याला प्रवर्तक मिळावा लागतो, आणि दाबलेले असेल तर तो दाब उठावा लागतो.’