बर्फ, बटाटे आणि जायफळ

प्रश्न : ताई, नोकरीमुळे मी सप्टेंबरपासून फ्रान्समध्ये ग्रनोब्लला आहे. शाकाहारी आहे. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि मी खिचडी-पिठल्यावर दिवस काढतेय. येत्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या आजींना जेवायला बोलावलंय. त्यांच्याच पद्धतीचं काहीतरी गरम करायचं मनात आहे. ओव्हन छोटा आहे. कुठलं चीज आणू?

उत्तर : चीज आणूच नकोस. तू राहतेस तो जुना दोफिने प्रांत. तिथला घरोघरचा पदार्थ म्हणजे ‘ग्रातँ दोफिनुआ’, म्हणजे दुधात शिजवून भाजलेले बटाटे. 1788 च्या जुलैत गाप गावी एका ड्यूकने नगराच्या अधिकाऱ्यांना मेजवानी दिली, त्यात याचा पहिला उल्लेख सापडतो. वरून किसलेलं चीज घालणारे पुष्कळ आहेत, पण ग्रनोब्लच्या आजींसमोर तो धोका कशाला पत्करायचा?

चौघांपुरते एक किलो बटाटे घे. पिशवीवर कशासाठी चांगले ते लिहिलेलं असतं, त्यात ‘ग्रातँ’ दिसलं की झालं. सोलून अख्खे धू, पुसून घे आणि मग दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या कर. एकदा चिरल्यावर मात्र पाण्याला शिवू द्यायचे नाहीत. आपला हात सवयीने नळाकडे जातो, तो आवर. चकत्यांना लागलेल्या स्टार्चनेच दूध दाट होतं, तो धुऊन टाकलास तर रविवारी ताटात पाणी आणि बटाटे वेगवेगळे येतील.

अर्धा लिटर सायीचं दूध आणि 200 मिलिलिटर पूर्ण स्निग्धांशाचं क्रीम मंद आचेवर ठेव. ‘हलकं’ लिहिलेलं क्रीम घेऊ नकोस, ते फाटतं. मीठ, मिरपूड घाल आणि जायफळ चिमूटभर किसून घाल. श्रीखंडाचं जायफळ बटाट्यात कसं लागेल, ही शंका पहिल्या घासाला फिटते. त्यात चकत्या सोडून दहा मिनिटं उकळू दे, अधूनमधून तळापासून हलव. भांड्याला लसणाची पाकळी चांगली चोळ, वर लोण्याचा हात फिरव, सगळं त्यात ओत आणि 160 अंशांवर तासभर ठेव. घाईने आच वाढवलीस तर वरून करपेल, आतलं दूध फुटेल.

झालं हे कडेवरून ओळखायचं. आधी कडेला पातळ, भराभर फुटणारे बुडबुडे दिसतात. मग ते जड होतात, एकेक करून सावकाश फुटतात, दूध बासुंदीइतकं दाटतं आणि वरचा पापुद्रा तांबूस होतो. सुरी बटाट्यात अलगद गेली पाहिजे. बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू दे, नाहीतर वाढताना सगळं ओघळेल.

सोबत ‘माश’ या सॅलडच्या भाजीची कोवळी पानं, त्यावर अक्रोडाचं तेल, थोडं व्हिनेगर, डिजॉन मोहरीची पेस्ट आणि चार अक्रोड. ग्रनोब्लच्या अक्रोडाला 1938 पासून उगमाचं संरक्षण आहे, आजी खूश होतील. मिरचीचा ठेचा वेगळ्या वाटीत ठेव. मी ठेवते, आणि पाहुणेच तो संपवतात.

प्रश्न : मी शांबेरीत शिकतो. खोलीत दोनच शेगड्या, ओव्हन नाही. इथे सगळे ‘तार्तिफ्लेत’ (बटाटे, बेकन आणि रब्लोशों चीज) खा म्हणतात, शेकडो वर्षांची परंपरा आहे म्हणे. बेकन न घालता खाल्लं तर चालेल का?

उत्तर : परंपरेचं सोड. तव्यावर बटाटे आणि चीज शिजवायची ‘पेला’ नावाची रीत जुनी आहे खरी, पण तार्तिफ्लेत हा पदार्थ रब्लोशों चीजच्या उत्पादक संघटनेने 1980 च्या दशकात पुढे आणला. चवीला फर्स्टक्लास, यात वाद नाही. पण बेकन काढलंस तरी रब्लोशोंमध्ये रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं वासराच्या जठरातलं द्रव्य, असतं. ते चालतं का, हे तुझं तू ठरव.

तुझ्या शेगडीला पोरोचं सूप बरं. पोरो म्हणजे लीक, जाड दांड्याची पात. उभी चिरून पानापानांतली माती धुऊन काढ, नाहीतर सूप कचकचतं. लोण्यावर मऊ कर पण तांबूस होऊ देऊ नकोस. तेवढेच बटाटे, बुडेल एवढं पाणी, मीठ. वीस-पंचवीस मिनिटांनी घोटून घे आणि चमचाभर क्रीम घाल. पोट भरायचं असेल तर ल प्यूईची हिरवी मसूर आण. ती भिजवावी लागत नाही, गाजर-कांद्याबरोबर अर्ध्या तासात शिजते आणि शिजूनही अख्खी राहते. मीठ शेवटी घाल. कुकर लावू नकोस, लगदा होईल.