खिंड बंद होण्याआधी निघावे का?

पत्राचा सारांश: “मी बीड जिल्ह्यातील आहे, वय सत्तावीस. हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात, काझाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका लहान गावातील खासगी शाळेत एप्रिलपासून शिकवते. करार एका वर्षाचा आहे. ऑगस्टमध्ये मटार तोडणीला आला आणि अर्धा वर्ग शेतात गेला. सप्टेंबरात मुले परतली, तेव्हा शिकवलेला भागाकार विसरली होती. आता ऑक्टोबर संपत आला आहे, सकाळी नळ गोठलेले असतात, पर्यटक गेले, काही घरांना कुलपे लागली. कुंझुम खिंड बंद झाली की मी सहा महिने अडकेन, म्हणून आई रोज फोनवर रडते. परीक्षा डिसेंबरात आहे आणि तिच्यानंतर हिवाळी सुट्टी लागेल. आताच निघावेसे वाटते, पण मुलांकडे पाहिले की लाज वाटते. माझ्या शिकवण्याचा इथे काही उपयोग झाला का, हेही कळत नाही. काय करू?”

प्रिय ताई,

आधी रस्त्याबद्दल लिहिते, कारण तुमची आणि तुमच्या आईंची निम्मी भीती त्यावर उभी आहे आणि ती भीती बरीचशी अनाठायी आहे. सुमारे 4,550 मीटर उंचीवरची कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद होते आणि मनालीची वाट उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तुटते, हे खरे आहे. 2020 साली सुरू झालेला अटल बोगदा मनालीजवळच्या रोहतांग खिंडीखालून शेजारच्या लाहौल खोऱ्यात निघतो; स्पिती कुंझुमच्या पलीकडे असल्यामुळे त्या बोगद्याने तुमची हिवाळ्यातील अडचण सुटत नाही. मात्र स्पितीला दुसरी वाट आहे. ताबो, सुमदो, नाको, रेकाँग पिओ अशी किन्नौरमार्गे शिमल्याला उतरणारी ती वाट एरवी संपूर्ण हिवाळा बंद राहत नाही. मोठा बर्फ पडला किंवा दरड आली की ती काही दिवस थांबते आणि साफ झाली की पुन्हा सुरू होते. तेव्हा डिसेंबरअखेरीस तुम्हाला खाली उतरता येईल. फक्त पुढच्या रेल्वे तिकिटाच्या आधी आठवडाभर मोकळा ठेवा आणि गावातून काझापर्यंतची गाडी कोण नेणार, हे आत्ताच विचारून ठेवा. आईंना नकाशा समोर ठेवून हे समजावून सांगा. त्यांनी दूरदर्शनवर पाहिलेला स्पितीचा रस्ता बहुधा मनालीच्या बाजूचाच असेल.

खिंडीचा प्रश्न असा बाजूला काढला की खरा प्रश्न उरतो: वर्ष अर्ध्यावर टाकून जावे का? माझे मत स्पष्ट आहे, जाऊ नये. परीक्षा घ्या, उत्तरपत्रिका तपासा, सुट्टी लागली की घरी जा. गोठलेल्या गावात संपूर्ण हिवाळा काढून कोणाला काही सिद्ध करून दाखवण्याची गरज नाही आणि सुट्टीत घरी जाण्यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही. दुर्गम भागातील शाळांचे जुने दुखणे असे आहे की शिक्षक मध्येच निघून जातात आणि पुढे कोण येणार हे मुलांना कोणी सांगत नाही. ते दुखणे तुमच्या हातून वाढू नये, एवढेच मी म्हणते.

आता तुमच्या मनाला लागलेल्या मटाराबद्दल. स्पितीत वर्षातून एकच पीक निघते. जव आणि काळा मटार प्रामुख्याने घरच्या पोटासाठी असतो, तर हिरवा मटार विकण्यासाठी. मैदानी मुलखात उन्हाळा-पावसाळ्यात ताजा मटार जवळजवळ नसतो, तेव्हा स्पितीचा माल खाली उतरतो, म्हणून त्याला भाव मिळतो. पुष्कळ घरांचा वर्षभराचा रोख पैसा त्या थोड्या आठवड्यांत हाती येतो. अशा वेळी दहा वर्षांचे मूल शेतात दिसणारच, आणि ते तुमच्या वर्गाला कंटाळून गेलेले नसते. तुम्ही बीडच्या आहात, तुम्हाला हे मी शिकवायला नको. दसऱ्यानंतर कोयता घेऊन निघालेल्या कुटुंबांबरोबर मुले कारखान्यांच्या फडावर जातात आणि त्यांच्या शाळेचे निम्मे वर्ष बुडते. म्हणून गावच्या गुरुजींना कोणी नापास ठरवत नाही. तुमची मुले तर गाव सोडूनही गेली नाहीत. संध्याकाळी ती घरीच होती, म्हणजे शाळेला जागा बदलून त्यांच्यापर्यंत जाता आले असते. पुढच्या ऑगस्टसाठी नवा धडा न ठेवता अर्ध्या तासाची संध्याकाळची उजळणी ठेवता येईल. पोत्यांची संख्या, किलोचा भाव, आणि कूलचे, म्हणजे हिमनदीच्या वितळलेल्या पाण्याच्या पाटाचे, पाणी कोणाच्या शेताला किती वेळ मिळाले, यांत भागाकाराची उदाहरणे पुस्तकापेक्षा अधिक सापडतील.

शिवाय मुले भागाकारच विसरली होती, याची तुम्हाला खात्री आहे का? त्यांची घरची बोली भोटी आहे, हिंदी ती शाळेत शिकतात, आणि कित्येक आठवडे शेतात ती भोटीच बोलली असणार. एकदा नुसते आकडे फळ्यावर लिहून गणित द्या आणि तेच गणित नंतर हिंदी शब्दांत द्या. पहिले सुटले आणि दुसरे अडले, तर विसरलेली गोष्ट गणित नसून हिंदी आहे, आणि तिच्यावरचा उपाय वेगळा आहे: एखाद्या मोठ्या मुलीला प्रश्न भोटीत सांगायला लावा.

तुम्ही ज्या महिन्यांना घाबरता, ते नोव्हेंबर-डिसेंबर शिकवण्यासाठी सर्वांत सोयीचे आहेत. शेती संपलेली असते, मुले गावात असतात, घरातली वडीलधारी माणसे तंदूरभोवती, म्हणजे खोलीतल्या लोखंडी शेगडीभोवती, बसलेली असतात. त्यांच्याकडून जुन्या हकिकती ऐकून मुलांनी त्या हिंदीत लिहून आणाव्यात. दुपारी उन्हात, दक्षिणेकडच्या भिंतीला पाठ लावून वर्ग घ्या. नळाचे पाणी दुपारीच भरून ठेवा. तुमच्या खोलीतल्या तंदूरचे धुराडे साफ आहे का, हे मात्र जाणत्या माणसाकडून पाहून घ्या आणि तो पेटता ठेवून बंद खोलीत झोपू नका. शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वासावरून कळत नाही.

एका परिस्थितीत माझा सल्ला उलटा आहे. एवढ्या उंचीवर झोप थोडी मोडणे स्वाभाविक असते. पण दोन आठवडे अन्न गोड लागत नसेल, उठावेसे वाटत नसेल, रडू थांबत नसेल, तर काझाच्या रुग्णालयात दाखवा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोला. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात आला, तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. डॉक्टरांनी खाली जा म्हटले, तर परीक्षेची वाट न पाहता जा. कराराचे नंतर पाहता येईल.

पुढच्या वर्षी परतायचे की नाही, ते आज ठरवू नका. आज थंडी आणि आईंचे अश्रू दोन्ही ताजे आहेत. घरी गेल्यावर ठरवा आणि शाळेला कधीपर्यंत कळवाल, ती तारीख निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांना लेखी द्या. मुलांना “नक्की येईन” असे सांगू नका. “त्या तारखेला मुख्याध्यापक तुम्हाला सांगतील” असे सांगा. परतायचे ठरले, तर मनालीचा रस्ता उघडण्याची वाट न पाहता किन्नौरमार्गे या आणि रामपूर, रेकाँग पिओ, नाको असे मुक्काम करत चढा, कारण दोन महिने बीडमध्ये राहिल्यावर शरीराला विरळ हवेची सवय पुन्हा पहिल्यापासून करून घ्यावी लागते.