मिड-साइड लावायच्या आधी मोनो बटण दाब

अरे ऐकला तुझा मिक्स, हेडफोनवर मस्त रुंद वाटतोय पण मोनो केला (डावं-उजवं एकत्र करून एकच आवाज केला) की गिटार एकदम मागे जातात, मिड-साइड प्लगइनने साइड पाच-सहा डीबी चढवलीयस ना? मिड-साइड म्हणजे स्टिरिओ आवाज दोन भागांत मांडून ते वेगवेगळे हाताळणं: मिड म्हणजे डावं अधिक उजवं, साइड म्हणजे डावं वजा उजवं, बाकी जादू काही नाही. मोनोत साइड शून्य होते.

मी पण शेण खाल्लंय. नौपाड्यातल्या एका मंडळाला आरतीचा ट्रॅक करून दिला, कोरस वाइडनरने (आवाज रुंद करणाऱ्या प्लगइनने) पार साइडला ढकललेला, मांडवात सगळे स्पीकर मोनो, कार्यकर्ता विचारतो "दादा, मागचे गाणारे जेवायला गेले का?"

दुसरं म्हणजे मिड म्हणजे फक्त मधलं नाही. पूर्ण डावीकडे पॅन केलेली (फक्त डाव्या स्पीकरमध्ये ठेवलेली) गिटार मिड आणि साइड दोन्हीत सारखीच असते, त्यामुळे साइडला ३ किलोहर्ट्झ कापलंस की तेवढाच भाग उजवीकडे पण ऐकू यायला लागतो, आणि वाढवलंस तर उजवीकडे उलट्या फेजमध्ये (लाट उलटी होऊन) येतो. मग डोकं दुखतं ते यानेच.

मग मिड-साइड कामाचं कुठे? कोणी नुसता स्टिरिओ बाउन्स (सगळं एकत्र केलेली तयार फाइल) पाठवला, ट्रॅक वेगळे नाहीत, तेव्हा. साइडला १०० हर्ट्झच्या खाली हायपास (खालचा आवाज गाळणारा फिल्टर), वर १० किलोहर्ट्झला एखाद डीबी शेल्फ (तिथून वरचं सगळं थोडं चढवणं), व्होकल बोचत असेल तर मिडमध्ये थोडा कट. तुझ्याकडे तर सगळे ट्रॅक आहेत ना, मग आधी पॅनिंग नीट कर आणि मास्टरवरचा (अख्ख्या मिक्सवर लावलेला) तो मिड-साइड प्लगइन काढ बघू.