क्विझ लेकीला सोडवू द्या

साताऱ्याहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला, विषय रसायनशास्त्र. दोन वर्षांत नऊ ऑनलाइन सर्टिफिकेटं झाली. तरी कृष्णेच्या पाण्यावरचा तिचा प्रोजेक्ट सरांनी परत केला. संदर्भयादीतल्या बारापैकी सात लेखांचा कुठे पत्ताच लागला नाही. आई विचारतात, ‘चौथ्या वर्षी रिसर्च घ्यायचंय, आता कुठला कोर्स लावू?’

ताई, कुठलाच नको.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, ‘कोर्सची क्विझ मीच सोडवून देते, तिचा अभ्यासाचा वेळ वाचतो.’ मी तिथेच अडखळलो. अहो, क्विझ हाच तर अभ्यास! तुम्ही मायेपोटी करता, हे कळतं. पण चुकायलाच मिळालं नाही, तर आपल्याला काय येत नाही हे त्या पोरीला समजणार कधी? ते सात संदर्भ तिनं एआयला विचारून उतरवले असणार, आणि एआय कधी कधी नसलेले लेखही सांगतं. लबाडी म्हणून नव्हे. यादीतला प्रत्येक लेख स्वतः उघडून वाचायचा असतो, हे तिला कुणी सांगितलंच नसावं. तिच्यावर रागावू नका.

सर्टिफिकेटांच्या गठ्ठ्यावर रिसर्च मिळतं, हा समज आधी काढून टाका. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, आराखड्यात चौथ्या वर्षीच्या रिसर्चसाठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण लागतात आणि पुढे 12 क्रेडिटचा प्रबंध स्वतः लिहावा लागतो. आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचं, एनपीटेलचंच बघा: दर आठवड्याच्या असाइनमेंटना सगळ्या मिळून 25 गुण, केंद्रावरच्या परीक्षेला 75. असाइनमेंट तुम्ही सोडवाल, परीक्षेला कोण बसणार?

आता तिनं एवढंच करावं. शोधगंगा या वेबसाइटवर पीएच.डी.चे प्रबंध फुकट वाचायला मिळतात. नदीच्या पाण्यावरचा एक उघडावा आणि वही घेऊन बसावं. नमुने कुठून घेतले, किती, कोणत्या महिन्यात? ऑक्सिजन पावसाळ्यात मोजला की उन्हाळ्यात? मग शेवटच्या यादीतले तीन लेख शोधून वाचावेत. एका प्रबंधाला पंधरा दिवस लागले तरी चालतील. मग साताऱ्याजवळच्या माहुलीच्या संगमावर जाऊन स्वतःचा एक प्रश्न काढावा आणि तो घेऊन सरांना भेटावं. सरांनी प्रोजेक्ट परत केला म्हणजे तो नीट वाचला. असे सर सगळ्यांना मिळत नाहीत.

आणि ताई, कोर्सच्या खात्याचा पासवर्ड तिला आजच बदलायला सांगा. नवा तुम्ही विचारू नका.