मुलीने शिक्षिकेला सांगितलेली गोष्ट न्यायालयात पुरावा ठरते का?

नाशिकमधील एका पालकांनी विचारले आहे की, आठ वर्षांच्या मुलीने लैंगिक अत्याचाराबद्दल प्रथम शिक्षिकेला सांगितले असेल, तर मुलीला स्वतः साक्ष द्यावी लागेल का. बहुतेक वेळा द्यावी लागते. शिक्षिकेने घटना पाहिलेली नसते, त्यामुळे तिची साक्ष एकटी पुरेशी ठरत नाही. मात्र घटनेनंतर लगेच मुलीने काय सांगितले व ती कशा अवस्थेत होती, हे शिक्षिका सांगू शकते आणि त्यातून मुलीच्या साक्षीला मोलाची पुष्टी मिळते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 183 खाली दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवलेला जबाबही सर्वसाधारणपणे साक्षीची जागा घेत नाही. अपवाद अपंगत्व असलेल्या साक्षीदाराचा. त्याचा जबाब सरतपासणीऐवजी (त्याला बोलावणाऱ्या पक्षाच्या वकिलाने घेतलेल्या पहिल्या साक्षीऐवजी) ग्राह्य धरला जातो, विरुद्ध पक्षाकडून उलटतपासणी मात्र होते.

पोक्सो कायदा, 2012 (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा) मुलीला बरेच संरक्षण देतो. पोलीस गणवेशाशिवाय, तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, विश्वासातील व्यक्तीसमोर जबाब घेतात. खटला बंद दालनात चालतो, प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारले जातात आणि आरोपी तिच्या समोर येऊ दिला जात नाही. न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून 30 दिवसांत तिची साक्ष नोंदवावी, असे कलम 35 सांगते.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की घरी तिला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, कारण ते तिला क्लेशदायक असते आणि तिला पढवले असा आक्षेप बचाव पक्ष घेतो. तिचेच शब्द तारखेसह लिहून ठेवा आणि लगेच पोलिसांना कळवा. 1098 या बालकांसाठीच्या हेल्पलाइनवरही मदत मिळते.